दोन जानेवारीची अकरा बाळं

आमच्या नोंदणी कचेरीत दाखला मागायला आलेला माणूस खिडकीशी उभा राहून सांगतो, "माझा जन्म अमुक तारखेचा." त्यावर अण्णा चष्म्यावरून बघत म्हणायचे, "ते तुमचं म्हणणं झालं. आता रजिस्टर काय म्हणतं ते बघू." एकदा एका पंचाहत्तरीच्या आजोबांना त्यांनी हेच ऐकवलं. आजोबा म्हणाले, "अहो, मी स्वतः हजर होतो तिथे!" अख्खी रांग हसली. अण्णा हसले नाहीत. "हजर होतात, पण शुद्धीवर नव्हतात," असं म्हणून ते पान उलटत राहिले.

मी त्यांच्या शेजारच्या खिडकीत बसते. ते जन्माच्या नोंदी लिहायचे आणि मी नोंदींच्या दुरुस्त्या बघायची. अकरा वर्षं आमची टेबलं एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे भांडायला उठावं लागायचं नाही. माझं तोंड फटकळ आहे, हे मी आधीच सांगते. नाहीतर पुढे म्हणाल, बाई फार बोलते. अण्णांचं तोंड बंद आणि हात चालू. लोक त्यांना पाठीमागे तारीखअण्णा म्हणायचे. काही जण समोरही म्हणायचे, आणि अण्णांना तो मान वाटायचा.

त्यांची कामाची रीत ठरलेली होती. इस्पितळातून जन्माच्या चिठ्ठ्या यायच्या. छापील वहीतून फाडलेल्या, प्रत्येकीच्या कोपऱ्यात छापील नंबर. अण्णा चिठ्ठी डाव्या हाताला ठेवणार, रजिस्टर उजव्या हाताला. लिहून झालं की प्रत्येक शब्दाखाली बोट धरून पुटपुटत वाचणार. मग चिठ्ठी सुईदोऱ्याने गठ्ठ्यात ओवणार आणि गठ्ठा रेकॉर्डच्या खोलीत. कॉम्प्युटर आला, तरी आधी रजिस्टर आणि मग कॉम्प्युटर. एक नियम तर त्यांनी स्वतः लिहून, वरून मंजूर करून घेऊन, भिंतीवर लावला होता: रेकॉर्डच्या खोलीबाहेर गेलेला कागद पुरावा म्हणून घेतला जाणार नाही. "बाहेर गेलेल्या कागदाला कोण कोण भेटलं, आपल्याला काय ठाऊक?" असं त्यांचं म्हणणं.

डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचे अर्ज निघाले की आमच्याकडे झुंबड उडते. कारण साधं आहे. परीक्षेला बसायचं तर त्या वर्षाच्या एकतीस डिसेंबरपर्यंत सतरा वर्षं पुरी पाहिजेत. एक दिवस कमी पडला, तरी पोर हुशार असो की नसो, एक वर्ष घरी. मग जानेवारीत जन्मलेल्या पोरांच्या आईबापांना एकदम आठवतं, की अहो, आमचं बाळ तर डिसेंबरात झालं होतं! त्यातले नव्वद टक्के थापा मारतात, हे मीही सांगते. अण्णा म्हणायचे, "अर्जाच्या महिन्यात सगळ्यांच्या चुका सापडतात." एरवी बोलायचे नाहीत, पण हे वाक्य रोज एकदा तरी.

त्या वर्षी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या बाई आल्या. मुलगी बारावीला, परीक्षेला बसायचं म्हणतेय, आणि दाखल्यावर तारीख दोन जानेवारी. "साहेब, माझी पोर नवीन वर्षाच्या आधीची आहे. ती झाल्यावर आम्ही इस्पितळात होतो आणि तिथेच वर्ष बदललं. मला चांगलं आठवतं."

अण्णांनी रजिस्टर उघडलं, बघितलं, मिटलं. "दोन जानेवारीच आहे. तुमच्याकडे दुसरा कागद आहे का काही?"

"कागद कुठला, साहेब? मीच आहे की."

"तुम्ही कागद नव्हे," अण्णा म्हणाले. आवाज वाईट नव्हता, पण शब्द तेच.

मी मध्ये तोंड घातलं, "अण्णा, गठ्ठा काढून चिठ्ठी बघू या का?" ते म्हणाले, "रोज दहा जण येतात. प्रत्येकासाठी गठ्ठे काढले तर काम कधी करायचं?" मीही हट्ट धरला नाही. जेवायची वेळ झाली होती, पोटात कावळे कोकलत होते. खोटं कशाला बोलू? बाई थोडा वेळ खिडकीची कड धरून उभ्या राहिल्या आणि गेल्या.

चार दिवसांनी, दुपारच्या सुट्टीत, अण्णांची स्वतःची मुलगी हातात छापील अर्ज घेऊन कचेरीत आली. घरी तिला ठकू म्हणतात. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली, एकुलती एक. डॉक्टर व्हायचं हे तिनं कधी ठरवलं, हे कुणालाच सांगता येणार नाही, पण त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून तिनं काढलेलं मूत्रपिंडाचं चित्र चिकटवलेलं होतं. पोळ्या लाटणाऱ्या आईला ती चित्र न बघता त्याचे भाग म्हणून दाखवायची. अण्णांच्या बायकोला मी वहिनी म्हणते. त्या म्हणायच्या, "चहापत्ती काढायची तर आधी किडनी बघावी लागते. आता तर मलाच पाठ झालीय."

"बाबा, कॉम्प्युटर माझा अर्ज घेत नाहीये," ठकू म्हणाली. "वय अपुरं आहे म्हणतो."

"काहीतरी चुकीचं भरलं असशील. तुझा जन्म तीस डिसेंबरचा."

"हो, घरचा. पण कागदावर दोन जानेवारी आहे ना."

अण्णांचा घास हातातच राहिला. "घरचा आणि कागदावरचा म्हणजे काय?"

"अहो, माझ्या वर्गात कितीतरी जणींचे दोन दोन वाढदिवस आहेत. घरचे वेगळ्या तारखेला केक आणतात आणि शाळेत वेगळी तारीख. मला वाटलं, तुम्हीच काही विचार करून तसं लिहिलं असणार." पोरीने अर्ज पुढे धरला. "बाबा, अर्जाला दहाच दिवस राहिलेत."

ठकू झाल्यापासून सोळा वर्षं या माणसाने गावभरच्या तारखा तपासल्या, आणि घरच्या पोरीच्या दाखल्यावर काय आहे ते पाहिलं नव्हतं. शाळेचे कागद वहिनींकडे, कचेरीचे कागद यांच्याकडे, अशी त्यांच्या संसाराची वाटणी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. वहिनींना फोन लावला तर त्या उलट यांनाच म्हणाल्या, "तुम्हीच लिहिलीत ना तारीख? मला वाटलं, असेल काहीतरी नियम. तुमच्या नियमांबद्दल विचारायची सोय आहे का या घरात?"

अण्णांनी त्या वर्षाचं रजिस्टर काढलं. अक्षर त्यांचंच. जन्मतारीख दोन जानेवारी. नोंद केल्याची तारीख दोन जानेवारी. बोट धरून त्यांनी ते दोनदा वाचलं. मग बोट वरच्या ओळीवर गेलं. तिथेही जन्म दोन जानेवारी. त्याच्या वर, दोन जानेवारी. खाली, दोन जानेवारी. मी मागे उभी राहून मोजत होते.

"अकरा?" मी म्हणाले. "एका दिवसात अकरा बाळं? एवढ्याशा इस्पितळात? काय सेल लागला होता का बाळांचा?"

अण्णा खुर्चीत बसले. रजिस्टर मांडीवर. मग एखादा गुन्हा कबूल करावा तसं हळू आवाजात सांगायला लागले. ठकू झाली तेव्हा त्यांनी नोकरीतली पहिली रजा घेतली, तीन दिवसांची. दोन तारखेला कामावर आले तेव्हा टेबलावर अकरा चिठ्ठ्या साठलेल्या, त्यात एक स्वतःच्या लेकीची. तीन दिवस डोळ्याला डोळा नव्हता. एकीकडे कचेरीतले लोक हात मिळवायला येत होते, आणि दुसरीकडे हे लिहीत होते. जन्माच्या रकान्यात नोंदीची तारीख भरत गेले. ओळीने अकरा वेळा.

"वाचून नाही पाहिलंत?" मी विचारलं.

"नाही पाहिलं. मी आनंदात होतो," अण्णा म्हणाले. "आनंदात लिहू नये माणसाने."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी तिथून उठले आणि रेकॉर्डच्या खोलीतून तो गठ्ठा काढून आणला, शिंका देत. चिठ्ठ्या दहा निघाल्या. तारखा अठ्ठावीस, एकोणतीस, तीस आणि एकतीस डिसेंबर. इस्त्रीवाल्या बाईंची पोर एकतीस डिसेंबरच्या सकाळची. अकरावी चिठ्ठी, ठकूची, गठ्ठ्यात नव्हतीच.

"ती घरी आहे," अण्णा म्हणाले. "तिच्या पहिल्या मोज्यांबरोबर ठेवलीय. आठवण म्हणून नेली होती. एवढ्या नोकरीत तेवढा एकच कागद नेला."

"मग आणा की! सुटला प्रश्न!"

अण्णांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे त्यांचाच नियम लावलेला. रेकॉर्डच्या खोलीबाहेर गेलेला कागद.

माझं डोकं सटकलं. "भिंत गेली खड्ड्यात! पोरीचं वर्ष जाईल, अण्णा!"

"बाई, मागच्या वर्षी एक माणूस अशीच घरात ठेवलेली चिठ्ठी घेऊन आला होता. मी त्याला परत पाठवलं. त्याची चिठ्ठी खोटी, आणि माझी खरी?"

मी जास्तच चिडले. ठकू बाकावर बसून सगळं ऐकत होती. ती उठली. अर्जाची घडी घालून पिशवीत ठेवली आणि घरी गेली.

आता इथे दुसरा कुणी असता, तर त्यानं काय केलं असतं? लेखणी याच्याच हातात, कपाटाची किल्ली याच्याच खिशात. चिठ्ठी गुपचूप गठ्ठ्यात ओवली असती तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. बरं, बाकीच्या दहा जणांचं नाव काढायचीही गरज नव्हती. त्यांच्यापैकी इस्त्रीवाल्या बाई सोडल्या तर कुणी तक्रार घेऊन आलं नव्हतं. अण्णांनी त्याच दुपारी आमच्या मोठ्या मॅडमना लेखी कळवलं. चुकलेल्या नोंदी अकरा. चूक करणारा मी. त्यांतल्या दहांचा पुरावा गठ्ठ्यात आहे, त्या लगेच दुरुस्त कराव्यात. अकरावी नोंद दुरुस्त करण्याबद्दल एक अक्षर नाही.

पुढचे चार दिवस ते त्या दहांसाठी राबले. दुरुस्त्या माझ्या टेबलावरून झाल्या, मॅडमच्या सह्या झाल्या, आणि तयार झालेले दाखले अण्णा कचेरी सुटल्यावर स्वतः एकेका घरी पोचवायला लागले. पोस्टाने पाठवा म्हटलं, तर म्हणाले, "चूक मी नेऊन दिली नव्हती, दुरुस्ती तरी नेऊन देतो." पहिलं घर इस्त्रीवाल्या बाईंचं. मी सोबत गेले. मला त्यांची काळजी वाटत होती, आणि बाईंची तर जास्तच.

दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक लांब टेबल, त्यावर जाड घोंगडी, आणि मागे मुलगी शर्टांच्या घड्या घालतेय. घड्यांच्या शेजारी पुस्तक उघडं ठेवून त्यावर वजनाला बंद पडलेली इस्त्री ठेवलेली. अण्णांनी दाखला टेबलाच्या कडेला ठेवला.

"बाई, तुमचं बरोबर होतं. रजिस्टर चुकलं होतं. म्हणजे मीच चुकलो होतो."

बाईंनी मान वर केली नाही. हातातला शर्ट पुरा केला, कॉलर, बाह्या, सगळं. मग इस्त्री उभी ठेवली आणि म्हणाल्या, "साहेब, त्या दिवशी घरी येऊन मी पोरीला सांगितलं, की माझ्याच डोक्यात घोळ असेल. स्वतःच्या बाळंतपणाची तारीख चुकले म्हणाले मी. ती चार दिवस माझ्याशी धड बोलली नाही."

अण्णांनी हात जोडले. जोडलेले हात किती वेळ तसेच होते, मला सांगता येणार नाही. मी दुसरीकडे बघत होते.

"आता भरता येईल ना अर्ज?" बाईंनी विचारलं.

"येईल. आजच भरा."

मुलगी केव्हाच पुढे आली होती. तिनं हात ओढणीला पुसले, मग दाखला उचलला. परत येताना कचेरीच्या दाराशी अण्णा म्हणाले, "मी त्यांना काय म्हणालो होतो, आठवतं ना तुम्हाला?" मी म्हणाले, आठवतं. ते मान हलवत घरी गेले.

या सगळ्यात अर्जाचे सहा दिवस उरले होते, आणि ठकूचा प्रश्न होता तिथेच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या दहा चिठ्ठ्या पुन्हा ओवायला घेतल्या. अण्णांच्या रीतीने, नंबर लावून. चारशे बारा, तेरा, चौदा, पंधरा, सोळा, अठरा. मी थांबले. चारशे सतरा नाही. सोळा नंबरची चिठ्ठी तीस डिसेंबरची, अठरा नंबरचीही तीस डिसेंबरची. इस्पितळाची छापील वही, जसजशी बाळं झाली तसतशी फाडलेली. मग मधलं सतरावं बाळ दुसऱ्या कुठल्या दिवशी होईल?

"अण्णा!" मी एवढ्या जोरात ओरडले, की रांगेतल्या एका बाईंच्या कडेवरचं मूल रडायला लागलं. "गठ्ठाच सांगतोय! तुमच्या घरची चिठ्ठी नकोच!"

अण्णांनी चिठ्ठ्या घेतल्या. पुढून मागून तपासल्या, मागच्या-पुढच्या वीस नंबरांची रांग तारखेनिशी लावून पाहिली. माणूस स्वतःच्याच बाजूच्या पुराव्यात खोट शोधत होता! तासाभराने म्हणाले, "हा पुरावा धरावा लागेल. पण ठरवणार मी नाही. तुम्हीही नाही, तुम्ही माझ्या शेजारी बसता." प्रकरण मॅडमकडे गेलं. मॅडमनी पुरावा मानला, पण पुढे एक अडचण होती. कर्मचाऱ्याच्या घरातली नोंद बदलायची, तर हरकती मागवण्यासाठी पंधरा दिवस फलकावर नोटीस लावावी लागते. आणि अर्जाला उरले होते पाच दिवस.

"मुदत तीन दिवसांवर आणता येते," मॅडम म्हणाल्या, "पण अर्जदाराने तशी विनंती केली तर. अण्णा, विनंतीचा फॉर्म भरा, मी बघते."

फॉर्म आणून मी त्यांच्यापुढे ठेवला. तो दिवसभर तिथेच पडून राहिला. विनंतीचा रकाना त्यांना आयुष्यभर खटकलेला. विनंती म्हणजे रांग मोडून पुढे घुसणं, असं त्यांचं पक्कं मत. मी समजावलं, मग रागावले, मग बोलणंच सोडलं. मला त्यांच्याबद्दल इतका आदर आहे की त्याचं ओझं होतं, पण त्या दिवशी मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी आल्या. त्या कधी कचेरीत येत नाहीत. डबा टेबलावर ठेवला आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "काल पोरीने कपाटाच्या दारावरचं चित्र काढून ठेवलं. मी विचारलं, का गं? तर म्हणते, बाबांनी कपाट उघडलं की दिसतं, त्यांना वाईट वाटेल." एवढं बोलून त्या वळल्या. "आता तुम्ही आणि तुमची भिंत काय ते बघा."

अण्णांनी डबा उघडला नाही. उठले, टेबलाला वळसा घालून दारातून बाहेर गेले, आणि मशीनमधून टोकन काढून माझ्या खिडकीच्या रांगेत उभे राहिले. पुढे नऊ माणसं होती. मी खूण केली, या ना पुढे. ते हलले नाहीत. लोक त्यांच्याकडे वळून वळून बघत होते. तारीखअण्णा रांगेत म्हणजे नवलच. नंबर आल्यावर खिडकीशी आले आणि फॉर्म आत सरकवला.

मी तो मॅडमकडे नेला. अण्णा माझ्या मागे येऊन दारातच थांबले. सगळा फॉर्म त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात भरलेला, फक्त कारणाच्या रकान्यात दोनच ओळी: मुलगी माझी आहे आणि चूकही माझीच आहे. तिचं वर्ष जाऊ नये, एवढंच मागणं आहे.

मॅडमनी वाचलं, चष्मा काढला. "अण्णा, इथे कलम लिहावं लागतं. कोणत्या कलमाखाली मागताय? तुमच्याइतकं ते कुणाला पाठ आहे!"

"कलम नाही, मॅडम," अण्णा म्हणाले. "मुलगी आहे."

मॅडमनी सही केली. मी शिक्का आणायच्या निमित्ताने रेकॉर्डच्या खोलीत गेले आणि दार लावून चांगली रडून घेतली.

तीन दिवस नोटीस लागली, हरकत कुणाची आली नाही, आणि शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता ठकूचा अर्ज गेला. अण्णांच्या सेवापुस्तकात अकरा चुकांचा लाल शेरा पडला. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं आणि तोवर पुस्तक स्वच्छ होतं. मॅडमना शेरा सौम्य करायचा होता, तो अण्णांनी करू दिला नाही. "दहा घरांत जाऊन सांगून आलोय, आता इथे मऊ कशाला?" म्हणाले. त्यानंतर मात्र कुणीही आई खिडकीशी येऊन तारखेबद्दल बोलली, की ते आधी गठ्ठा काढायचे. शंभरातल्या नव्वद थापा निघायच्या. तरी काढायचे.

इस्त्रीवाल्या बाईंची मुलगी पहिल्याच फटक्यात डॉक्टरकीला लागली. ठकूला त्या वर्षी गुण कमी पडले, थोडेथोडके नाही, चांगले तीस. निकालाच्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा तिघं निकालाच्या कागदापुढे बसलेली. अण्णांच्या डोक्यात काय चाललंय, ते चेहऱ्यावर दिसत होतं: ते दहा दिवस पोरीचा अभ्यास बुडाला, म्हणजे हेही आपल्यामुळेच.

ठकूने नाक पुसलं. "बाबा, हे तीस गुण तुमचे नाहीत," ती म्हणाली. "हे माझे मी घालवलेत. तुम्ही मला बसू दिलंत ना? मग मला नापासही होऊ द्या की नीट." आणि पुस्तक घेऊन ती आतल्या खोलीत गेली.